कॉलेज फुटबॉलच्या कलेक्टिव्हसाठी वर्गणी गोळा करायला सांगतायत, करू का?

मिडवेस्टचा_मिलिंद

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय जरा विचित्र आहे, अमेरिकन कॉलेज फुटबॉल, ज्यांना त्याचा गंध नाही ते इथूनच परत फिरले तरी राग नाही.

मी २००९ ला एमएस करायला इथे आलो, बिग टेन या मोठ्या स्पर्धा-गटातली युनिव्हर्सिटी, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण ओळखीचे लोक वाचतात. पहिल्याच सेमिस्टरला रूममेटने ओढत मॅचला नेलं आणि तेव्हा जो किडा चावला तो आजतागायत उतरला नाही. आता नोकरी तिथून पाऊण तासावर, चार सीझन तिकिटं, शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये आमचा टेलगेट, म्हणजे मॅचआधीची खाण्यापिण्याची मैफल, बायको वडापाव करते आणि आजूबाजूचे गोरे काका तळलेल्या मिरचीसकट खातात आणि मग रडतात. त्यातलेच एक काका, सत्तरीचे, ट्रॅक्टर आणि शेतीच्या मशिन्सची डीलरशिप आहे, युनिव्हर्सिटीचे जुने बूस्टर. बूस्टर म्हणजे टीमला वर्षानुवर्षं पैसा पुरवणारे हौशी लोक.

तर मागच्या आठवड्यात काकांनी ब्रेकफास्टला बोलावलं, पॅनकेक येईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा आणि मग मुद्द्यावर आले, की तुमचा इंडियन अल्युम्नायचा एवढा ग्रुप आहे, सगळे चांगल्या नोकऱ्यांत, तू कॅप्टन हो आणि ४० जण गोळा कर, माणशी महिना ५० डॉलर. म्हणजे वर्षाला २४ हजार. हे पैसे जाणार कलेक्टिव्हला, ती युनिव्हर्सिटीच्या बाहेरची वेगळी संस्था आहे, ती खेळाडूंशी एनआयएल चे करार करते, म्हणजे खेळाडूच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे, जाहिरात, सह्या, कार्यक्रमाला हजेरी वगैरे.

मी भिडेखातर "बघतो" म्हणालो आणि घरी आल्यावर बायकोने विचारलं की मंडळाच्या गणपतीची वर्गणी मागताना तुझं तोंड उघडत नाही आणि एकोणीस वर्षाच्या क्वार्टरबॅकसाठी (टीमचा मुख्य, बॉल फेकणारा खेळाडू) तू ४० घरांत जाणार का? उत्तर नव्हतं.

आता विचारायचंय ते असं, की हे दान धरतात का, टॅक्समध्ये काही सूट मिळते का, कंपनी मॅचिंग करेल का, म्हणजे आपल्याइतकेच पैसे स्वतः घालेल का (काका म्हणाले "पूर्वी करायचे", ते पूर्वी ऐकून पाल चुकचुकली), आणि मुख्य म्हणजे २०२५ पासून युनिव्हर्सिटी स्वतःच खेळाडूंना पैसे देतेय ना, मग आमच्या ५० डॉलरची गरज कुणाला उरलीय? कुणी यात हात घातलाय का?


टेक्सासचा_पाटील

मिलिंदराव, योग्य राज्यातल्या माणसाला विचारलंत. आमच्याकडे शुक्रवारी शाळेचा फुटबॉल, शनिवारी कॉलेजचा आणि रविवारी चर्चनंतर तिसरा, अशी त्रिकाळ संध्या असते.

आधी थोडा इतिहास, त्याशिवाय काकांची अधीरता कळणार नाही. बूस्टर लोक खेळाडूंना पैसे पूर्वीही द्यायचे, फक्त पाकिटातून. डॅलसच्या एसएमयू युनिव्हर्सिटीचं प्रकरण इथे शेंबडं पोरही सांगेल, बूस्टरांच्या गुपचूप फंडातून १३ खेळाडूंना मिळून साधारण ६१ हजार डॉलर दिले म्हणून एनसीएएने (कॉलेज खेळांची देशभरची नियामक संस्था) १९८७ चा अख्खा सीझन रद्द केला, १९८८ चा त्यांनी स्वतःच खेळला नाही, आणि त्यानंतर बोल गेम, म्हणजे सीझनअखेरची मानाची मॅच, खेळायला २००९ उजाडलं. ६१ हजार! आज तेवढ्यात चांगला राखीव खेळाडू फोन उचलणार नाही.

मग २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून खेळाडूंना नावाचे पैसे घ्यायची मुभा दिली, जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऑलस्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात ९-० निकाल दिला (तो खरं तर शिक्षणाशी संबंधित फायद्यांबद्दल होता पण एनसीएएची हवाच गेली) आणि १ जुलै २०२१ पासून एनआयएल सुरू. कल्पना अशी होती की नायकी, गेटोरेड, गावातला पिझ्झावाला वगैरे खेळाडूंना जाहिरातीत घेतील. तसं थोडं झालंही, नेब्रास्काच्या एका खेळाडूचं नावच डिकोल्डेस्ट (म्हणजे सगळ्यात थंड) क्रॉफर्ड, त्याला एसी दुरुस्तीवाल्या कंपनीने घेतलं, याला म्हणतात जाहिरात. पण पिझ्झावाला किती देणार? मग बूस्टरांनी डोकं चालवलं, सगळ्यांनी पैसे एका भांड्यात टाकायचे आणि भांड्यातून खेळाडूंना द्यायचे, नावाला काहीतरी काम करून घ्यायचं. झालं कलेक्टिव्ह. फ्लोरिडातलं गेटर कलेक्टिव्ह अगदी सुरुवातीचं. आमच्या ऑस्टिनमध्ये डिसेंबर २०२१ लाच जाहीर झालं की स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक ऑफेन्सिव्ह लाइनमनला (समोरच्यांना अडवणारा धिप्पाड गडी) वर्षाला ५० हजार, काम काय तर समाजसेवेच्या कार्यक्रमांना जायचं. योजनेचं नाव पॅनकेक फॅक्टरी, कारण समोरच्याला आडवा पाडला की त्याला पॅनकेक म्हणतात. तुमच्या काकांनी पॅनकेकच खायला घातला हा योगायोग की इशारा ते बघा.

यूटामध्ये २०२३ ला कलेक्टिव्हने स्कॉलरशिपवरच्या फुटबॉल खेळाडूंना रॅम ट्रकच वापरायला दिले. आणि माझा सगळ्यात लाडका आकडा म्हणजे टेक्सास टेकची सॉफ्टबॉल पिचर निजारी कनाडी, २०२४ मध्ये तिथल्या मॅटाडोर क्लब या कलेक्टिव्हने तिला एका वर्षाचे १०,५०,०२४ डॉलर दिले. दहा लाख कराराचे, पन्नास हजार राहण्याखाण्याचे आणि वरचे २४ तिच्या जर्सीचा नंबर म्हणून. सव्वाशे वर्षं जुनी शिस्त गेली आणि वर सव्वारुपया ठेवला, असं वाटलं मला.

आता तुमचा मुख्य प्रश्न. हाउस नावाच्या खटल्याची तडजोड जून २०२५ मध्ये जज क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केली आणि १ जुलैपासून प्रत्येक युनिव्हर्सिटी स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकते, पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. मग कलेक्टिव्ह कशाला? कारण ती मर्यादा आहे ना! सगळ्या मोठ्या युनिव्हर्सिट्या मर्यादेपर्यंत जाणार, मग पुढे जायचं तर मर्यादेबाहेरचा पैसा हवा, आणि बाहेरच्यांनी केलेले एनआयएल करार त्या मर्यादेत धरत नाहीत. म्हणून काका पळतायत.


सांगलीकर_सध्या_सिंगापूर

बूस्टर वाचून मला वाटलं लसीचा धागा आहे, ५ मिनिटं कोविडच्या मूडमध्ये वाचत होतो.

अहो यात नवीन काय आहे, याला आमच्याकडे पैलवान पोसणे म्हणतात. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, नंतर साखर कारखान्यांनी मानधन सुरू केलं, बदाम तूप दूध खुराकाचा खर्च उचलला. पैलवान पोसणाऱ्याला माहीत असतं की आपण हौसेसाठी पोसतोय, कुस्ती मारली की फेटा उडवायचा, हरला की दोन दिवस घराबाहेर पडायचं नाही. तो कधी म्हणत नाही की मी समाजकार्य करतो, पावती द्या.

बाकी मिलिंदभाऊ, ज्या युनिव्हर्सिटीचं नुसतं टीव्हीचं उत्पन्न करोडोंत आहे तिच्यासाठी तुम्ही महिना ५० ची वर्गणी मागत फिरणार म्हणजे लष्करच्या भाकऱ्या भाजणंच आहे. हलकं घ्या.


आकडेमोड

मी ईए आहे, म्हणजे लोकांचे टॅक्स भरून देणं हेच काम, तर टॅक्सपुरतं लिहिते.

सुरुवातीला बऱ्याच कलेक्टिव्हनी ५०१ सी ३ म्हणजे धर्मादाय संस्थेचा दर्जा मिळवला होता, खेळाडू अनाथाश्रमात जाऊन फोटो काढणार आणि त्याचे पैसे घेणार, म्हणून देणाऱ्याला सूट. जून २०२३ मध्ये आयआरएसच्या (इथलं टॅक्स खातं) वकिलांच्या ऑफिसने मेमो काढला, की बाबांनो यात मुख्य फायदा खेळाडूंचा खासगी आहे, समाजकार्य हे निमित्त, त्यामुळे अशा बऱ्याच संस्था करमुक्तीला पात्र ठरत नाहीत. मेमो म्हणजे कायदा नव्हे पण इशारा पुरेसा होता, अनेकांनी सूट मिळेल असं सांगणं बंद केलं. काकांचं "पूर्वी" ते हे. कंपनीचं मॅचिंगही साधारण ५०१ सी ३ लाच मिळतं. कलेक्टिव्ह एलएलसी म्हणजे साधी खासगी कंपनी असेल तर विषय संपला. नसेल तर मॅचिंगच्या पोर्टलवर नाव दिसतंय का ते आधी शोधा, काकांच्या शब्दावर जाऊ नका.

युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या फाउंडेशनला दिलेली देणगी वेगळी, ती देणगीच आहे. पण त्याबदल्यात सीझन तिकीट घ्यायचा हक्क मिळत असेल तर तो भाग धरता येत नाही, पूर्वी ८० टक्के धरता यायचा, २०१८ पासून ते बंद. जुने बूस्टर अजून तो हिशोब डोक्यात घेऊन बसलेले असतात, माझ्या एका क्लायंटशी दरवर्षी मार्चमध्ये याच्यावरून वाद होतो आणि दरवर्षी तो म्हणतो पण माझा मेहुणा लावतो.

आणि खरं सांगू का, तुमच्यासारख्या पगारदार जोडप्याचं २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी वजावटच ३१,५०० आहे, घराचं व्याज, टॅक्स, देणग्या सगळं मिळून त्याच्यावर जात नसेल तर या सहाशे डॉलरने तसाही काही फरक पडणार नव्हता.

तुम्ही स्वतः दिले तर सिनेमाच्या तिकिटासारखा खर्च समजून द्या, माझी काही हरकत नाही. पण दुसऱ्या ४० जणांकडे मागाल तेव्हा मेसेजमध्ये "डोनेशन" हा शब्द लिहू नका. एप्रिलमध्ये ते सगळे पावती मागायला तुमच्याकडे येणार, काकांकडे नाही.


अनघा_बाणेर

थोडं अवांतर. माझी मुलगी टेनिसच्या स्कॉलरशिपवर तिकडे खेळते, तिसरं वर्ष. एनआयएल सुरू झालं तेव्हा सगळे नातेवाईक विचारायला लागले आता हिलाही मिळणार ना. नाही मिळत हो. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय बाहेरचं काम करता येत नाही, आणि जाहिरातीत काम करणं किंवा पैसे घेऊन सह्या देणं हे कामच झालं. तिच्या डबल्समधली जोडीदार अमेरिकन, ती एका कपड्यांच्या दुकानासाठी रील करते, माझी लेक कॅमेरा धरते, फुकट.

बास्केटबॉलमधल्या परदेशी मुलांचंही तेच. केंटकीचा ऑस्कर शिब्वे काँगोचा, २०२२ मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, त्याची टीम त्या ऑगस्टमध्ये बहामाला खेळायला गेली तेव्हा त्याने तिथे बसून करार उरकले, कारण ती जमीन अमेरिकेची नाही. मोठ्या खेळाडूच्या मागे वकील असतात म्हणून असलं जमतं. आणि आता युनिव्हर्सिटी थेट पैसे देणार तर ते परदेशी विद्यार्थ्याला द्यायचे का, यावर बऱ्याच शाळा (तिकडे युनिव्हर्सिटीलाही शाळाच म्हणतात) हात आखडता घेऊन बसल्यात. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ ला एनसीएए सिंगल्स जिंकला तेव्हा कुणालाच काही मिळत नव्हतं, निदान सगळे सारखे होते.

मिलिंद, काकांना एक विचारा, त्या २४ हजारांतलं मुलींच्या टीमकडे किती जातं? आमच्या शाळेत आम्ही पालकांनी विचारलं तर उत्तर आलं की देणगीदार सांगतील तसं. म्हणजे फुटबॉल.


टेक्सासचा_पाटील

अनघाताईंचा मुद्दा बरोबर आहे. युनिव्हर्सिटीच्या त्या २ कोटींतही बऱ्याच ठिकाणी तीन चतुर्थांश फुटबॉललाच जातात, उरलेल्यात पुरुषांचा बास्केटबॉल आधी जेवतो.

आणि मिलिंदराव, पैसे देणाऱ्याच्या हातात काही नसतं हेही लक्षात घ्या. फ्लोरिडाचं २०२२ चं प्रकरण आठवा, जेडन रशाडा नावाच्या शाळकरी क्वार्टरबॅकला १ कोटी ३८ लाख ५० हजारांचा करार, मग पैसे आलेच नाहीत, पोरगा दुसरीकडे गेला आणि २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या कोचवर आणि एका बूस्टरवर खटला भरला. युएनएलव्ही युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लूका तर २०२४ ला तीन मॅच जिंकून मधेच निघून गेला, म्हणाला १ लाख कबूल केलेले दिले नाहीत, शाळा म्हणाली असं काही कबूल नव्हतं. टेनेसीने सरळ मार्ग काढला, तिकिटावरच १० टक्के टॅलेंट फी लावली. वर्गणी नको, कॅप्टन नको, ब्रेकफास्ट नको.


कढीपत्ता

उशिरा आलो धाग्यावर, पण मी यातला चटके बसलेला माणूस आहे. कॉलेज टाउनमध्ये इंडियन ग्रोसरीचं दुकान आहे, मागे छोटं चाटचं काउंटर. कलेक्टिव्हवाले माझ्याकडेही आले होते, हजार डॉलर द्या, तुमचा लोगो आमच्या वेबसाइटवर. दिले. लोगो चढला, तोही उलटा, कढीपत्त्याचं पान खाली देठ वर. पुढच्या वर्षी नाही दिले.

त्याऐवजी मी एका व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीला थेट विचारलं, इथलीच स्थानिक, ती तशीही दर आठवड्याला मँगो लस्सी प्यायला यायची. ५०० डॉलर, तीन रील आणि एक शनिवार दुपार दुकानात. ६०० किंवा त्याच्यावर गेलं की खेळाडूला एनआयएल गो नावाच्या पोर्टलवर कळवावं लागतं, एकाच माणसाने तुकडे पाडून दिलेले पैसे एकत्र धरतात, त्यामुळे हुशारी करायची नाही, मी खालीच राहिलो, तरी शाळेच्या कम्प्लायन्स म्हणजे नियम सांभाळणाऱ्या ऑफिसला मेल टाकून विचारून घेतलं. त्यांनी एवढंच सांगितलं की शाळेचा लोगो, जर्सी काही दिसता कामा नये. म्हणून तिने साधा पांढरा टीशर्ट घातला आणि पहिल्याच पाणीपुरीला पुरी फुटून सगळं पाणी त्या टीशर्टवर. तेच रील चाललं. त्या आठवड्यात माझी पाणीपुरीची किट संपली, न्यू जर्सीहून मागवावी लागली. सगळा खर्च धंद्याचा जाहिरात खर्च म्हणून टाकला, आकडेमोडताई चूक असेल तर सांगा.

आता मिलिंदभाऊ, काकांबद्दल माझा अंदाज ऐका. नव्या नियमात कलेक्टिव्ह आणि शाळेला आयुष्यभरात ५० हजारांच्या वर दिलेले बूस्टर हे शाळेशी जोडलेले धरतात. त्यांनी केलेला करार खरा धंद्यासाठी आहे का आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का हे कॉलेज स्पोर्ट्स कमिशन ही नव्या नियमांवर देखरेख करणारी संस्था तपासते, पोर्टल डेलॉइटने बनवलंय. जुलै २०२५ मध्ये तर त्यांनी आधी कलेक्टिव्हचे करार जवळजवळ बादच ठरवले होते, मग खेळाडूंच्या वकिलांनी आरडाओरडा केल्यावर महिनाअखेरीला थोडं सैल केलं, की लोकांना खरंच काही माल किंवा सेवा विकत असाल तर चालेल. म्हणजे तुमचे ५० डॉलर भांड्यात गेले की त्या भांड्यावर नजर आहे. काकांच्या ट्रॅक्टरवरही आहे. माझ्या पाणीपुरीवर नाही, कारण मी आयुष्यात दिले ते हजार, तेही लोगो उलटा लावायला.

काकांना खरं तर तुमच्या ग्रुपचे ५० डॉलर कमी आणि तुमच्या ग्रुपमधले धंदेवाले जास्त उपयोगाचे. डेंटिस्ट, रिअल इस्टेटवाले, ट्यूशन क्लासवाले असतील की ४० जणांत? त्यांना खेळाडू जोडून द्या. पैसे पोराच्या किंवा पोरीच्या हातात जातात, दुकानाला गिऱ्हाईक मिळतं आणि तुमच्या गळ्यात पावतीपुस्तक येत नाही.


आकडेमोड

कढीपत्ता, बरोबर टाकलाय खर्च. फक्त तिला सांगा की हे तिचं स्वतःच्या धंद्याचं उत्पन्न आहे, त्यावर तिला टॅक्स भरायचाय. एकोणीस वर्षाच्या मुलांना हे कोणी सांगत नाही आणि मग एप्रिलमध्ये आईबाप माझ्याकडे रडत येतात.


मिडवेस्टचा_मिलिंद

सगळ्यांचे आभार, एवढं तर मला अल्युम्नाय ऑफिसने दोन वर्षांत सांगितलं नव्हतं.

काल काकांना भेटलो. अनघाताईंचा प्रश्न विचारला, मुलींकडे किती जातं, तर काका बराच वेळ कॉफी ढवळत बसले, साखर घेत नाहीत ते. मग म्हणाले विचारून सांगतो. टॅक्सचं विचारलं तर म्हणाले सूट नाहीये, मला वाटलं तुला माहीत असेल.

कॅप्टन नाही झालो. ग्रुपवर फक्त एवढं टाकलं, की ही देणगी नाही, टॅक्समध्ये मिळणार नाही, मॅचिंग नाही, टीम हरली तर परत मिळणार नाही, तरीही ज्याला हौस आहे त्याने लिंकवरून परस्पर द्यावे. ४० पैकी सहा जणांनी दिले, त्यातला एक मी, आमच्याकडे हा खर्च आता "करमणूक" या सदरात नेटफ्लिक्सच्या खाली लिहिलाय, बायकोने लिहिलाय.

आणि ग्रुपमधल्या एका डेंटिस्ट मैत्रिणीने विचारलं की जिम्नॅस्टिक्सच्या मुलींपैकी कुणी दात दाखवायला तयार होईल का. कढीपत्ता, तुमच्या त्या कराराचा कागद दोन पानी होता की एक? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.


सांगलीकर_सध्या_सिंगापूर

ते पाणीपुरीचं रील कुठे बघायला मिळेल?